कामाच्या वेळेतलं शांत घर

वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावातल्या त्या गल्लीत रूपरावांचं बोलणं चार घरं पलीकडे ऐकू जायचं. उभी उमर त्यांनी जिनिंगात काढली होती. कापसातून सरकी काढणाऱ्या मशिनींच्या गडगडाटात शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागे. रिटायर झाल्यावर मशिनी सुटल्या, पण आवाज काही खाली आला नाही. नवी नवरी म्हणून आलेल्या मोहिनीला पहिले काही दिवस वाटलं, सासरा आपल्यावर भडकलेला आहे. नंतर तिच्या ध्यानात आलं की हे त्यांचं मायेनं बोलणं आहे.

सासू गेल्यावर घरात तिघंच उरले. मोहिनीचा नवरा आदेश सकाळच्या गाडीनं बुटीबोरीला कंपनीत जायचा आणि दिवे लागता लागता परत यायचा. दिवसभर सून आणि सासरा. रूपराव तिला पेपर वाचून दाखवत, भाजीवाल्याशी तिच्या वतीनं भांडत, आणि मधूनच "मोहिनीऽऽ, चहा मांडतं काय वो?" अशी हाक मारत.

मोहिनी वर्ध्याला बी.एस्सी. झालेली होती. लग्नानंतर नोकरी राहून गेली, ती सल तिच्या मनात होती. म्हणून पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. परदेशातले डॉक्टर रोग्यांबद्दल बोलून ठेवत. ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. औषधाचं नाव किंवा मात्रा चुकली तर चालायचं नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असे. हात थांबला की तो पिवळा होई, आणि माणूस उठून गेलं की लाल.

पहिल्याच महिन्यात ठिपका फार वेळा पिवळा झाला. मोहिनीच्या गटाचा प्रमुख विवेक म्हणून होता. पुण्याहून त्याचा फोन आला. तो गोड बोलायचा.

"मॅडम, तुमच्यामागे सतत कोणीतरी बोलत असतं. तुमचं काम चांगलं आहे, पण लक्ष तुटतंय. घरच्यांना तुमची वेळ शिकवा. एकेक व्यत्यय काढून टाका. बघा, घर आपोआप शिकतं."

मोहिनीनं मनावर घेतलं. आधी मोबाइल गेला. कामाच्या वेळेत तो आवाज बंद करून स्वयंपाकघरातल्या पोह्यांच्या डब्यात ठेवायचा. मग शेजारच्या सुलोचनाबाईंचं दुपारचं येणं तिनं बंद केलं. सुलोचनाबाई मनाच्या मोकळ्या. "बरं बाई, तू आता साहेबीण झाली," म्हणून हसून गेल्या. दाराची बेल तिनं आदेशकडून काढून घेतली. समोरच्या खोलीत टेबल मांडलं, खिडकीला पडदा लावला आणि दार आतून लावून घेऊ लागली. शेवटी राहिले रूपराव.

त्यांना कसं सांगावं याची तिला धास्ती होती. पण तिनं कडीला एक लाल कपडा बांधून दाखवला आणि "मामाजी, हा असला म्हणजे माझं काम सुरू," असं म्हणाली, तेव्हा त्यांना चटकन समजलं.

"मशीन चालू असली की हात नाई घालाचा," ते म्हणाले. "इतकं मले समजते बाई. तू कर बिनधास्त."

आणि ते खरंच शिकले. हाका थांबल्या. मग रेडिओ थांबला. स्वतःचा चहा ते स्वतः मांडू लागले, तोही भांड्याचा आवाज न करता. त्यांच्या काठीची फरशीवर होणारी टकटक एके दिवशी एकाएकी बंद झाली. मोहिनीनं पाहिलं तर त्यांनी काठीच्या टोकाला चिंधी गुंडाळली होती. तिला क्षणभर कसंसंच झालं. पण त्या आठवड्यात ठिपका एकदाही पिवळा झाला नव्हता, आणि विवेकनं सगळ्या गटासमोर तिचं नाव घेतलं होतं. त्या आनंदात ते कसंसं होणं विरून गेलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी रूपरावांना खोकला झाला. खोकल्याची उबळ आली की ते तोंडावर गमछा दाबून घरामागच्या परसात, सांदवाडीत, जात, आणि तिथं पोटभर खोकून परत येत. एकदा तिनं स्वयंपाकघरातून पाहिलं, ते भिंतीला टेकून उभे होते, डोळ्यांत पाणी आलेलं, आणि तरीही नजर तिच्या दाराकडे. काही दिवसांनी त्यांनी आपली खाटच मागच्या टिनाच्या खोलीत नेली.

"तिकडं काऊन चालले बाबा?" आदेशनं विचारलं.

"मोकळं वाटते तिकडं," रूपराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका खालचा होता की आदेशला पुन्हा विचारावं लागलं.

मोहिनीनं त्या खोलीत टेबलफॅन लावून दिला, पाण्याचा माठ ठेवला. यापेक्षा अधिक काही करावं असं तेव्हा तिला सुचलं नाही. संध्याकाळी जेवताना घरात आता फक्त ताटवाट्यांचा आवाज येई. रूपराव काही विचारायचं असलं तर आधी तिच्याकडे पाहत, मग दाराच्या कडीकडे, आणि बहुतेक वेळा न विचारताच जेवत. आदेश म्हणाला, "बाबा लय शांत झाले." मोहिनी म्हणाली, "वय झालं आता." आणि स्वतःचंच वाक्य तिला पटलं.

मग नवतपा लागला. विदर्भातले ते मे अखेरचे दिवस, जेव्हा दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. त्या दिवशी दुपारी लाइन गेली. मोहिनीला ते कळलंच नाही. तिच्या खोलीतला पंखा, इंटरनेट आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर होते, आणि इन्व्हर्टर फक्त त्याच खोलीचा होता. कानात एक परदेशी डॉक्टर कुठल्याशा म्हाताऱ्या रोग्याबद्दल सांगत होता. पाणी कमी पडलं, भ्रम झाला, घरच्यांनी उशिरा आणलं. मोहिनी शब्द न् शब्द नेमका टाइप करत होती.

खिडकीच्या काचेवर काहीतरी वाजलं. तिनं मान वळवली नाही. पुन्हा वाजलं. पडद्याच्या फटीतून तिला सुलोचनाबाईंचा चेहरा दिसला, तोंड हलत होतं, हात मागच्या बाजूला दाखवत होता. हेडफोनमुळे ऐकू काहीच आलं नाही. मोहिनीनं एक हात कीबोर्डवरून न उचलता दुसऱ्या हाताची पाची बोटं वर केली. पाच मिनिटं. मग तोच हात पुढे करून तिनं पडदा ओढून घेतला.

हिरवा ठिपका हिरवाच राहिला.

काम संपवून ती बाहेर आली तेव्हा समाधानानं तिचं अंग हलकं झालं होतं. घरात गरम हवा कोंडून उभी होती. स्वयंपाकघरातला बल्ब लागेना, तेव्हा तिला कळलं की लाइन नाही. "मामाजी," तिनं हाक मारली. मागचं दार सताड उघडं होतं. सांदवाडीचं फाटक उघडं. टिनाच्या खोलीत पाऊल टाकताच भट्टीसारखी धग तोंडावर आली. खाट रिकामी. खाली पाणी सांडलेलं, त्यात एक चप्पल, आणि माठ कोरडा ठक्क.

ती धावत आत आली, पोह्यांचा डबा उघडला. मोबाइलवर आदेशचे कॉल, सुलोचनाबाईंचे कॉल, अनोळखी नंबर. ती पाहत असतानाच पुन्हा फोन आला.

"जित्ते आणलं त्याइले," सुलोचनाबाई सांगत होत्या. त्या रडत होत्या की चिडल्या होत्या ते कळत नव्हतं. "मी गच्चीवर पापड काढाले गेलती, म्हणून दिसले. सांदवाडीत पडून होते, कायबी बरळत होते. गल्लीतल्या पोट्ट्याइनं उचलून ऑटोत घातलं. वर्ध्याले दवाखान्यात आहो आमी. आणि तू मले हात दाखवला! मोहिनी, तुले काय वाटलं, मी गप्पा माराले आलती?"

दवाखान्यात रूपरावांना सलाइन लावलेलं होतं, अंगावर ओल्या चादरी. आदेश खाटेच्या पायथ्याशी बसला होता. त्यानं मोहिनीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रूपरावांना शुद्ध आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, इतकं गरम होत होतं, पाणी संपलं होतं, तर सुनेला हाक का नाही मारली?"

रूपरावांनी ओठांवरून जीभ फिरवली. मोहिनी उशाशीच उभी होती. ते अगदी हळू, जणू एखादं गुपित सांगावं तसं म्हणाले, "तिचं काम चालू होतं ना."

डॉक्टरीणबाईंनी मोहिनीकडे पाहिलं. त्याच वेळी तिच्या हातातला मोबाइल थरथरला. कंपनीचा आपोआप येणारा संदेश होता. कालचा दिवस तिचा आजवरचा सगळ्यात चांगला दिवस ठरला होता.

आठवडाभरानं आर्वीहून गंगाताई आल्या. रूपरावांची थोरली लेक. त्यांनी टिनाची खोली पाहिली, चिंधी गुंडाळलेली काठी पाहिली आणि वडिलांचे कपडे पिशवीत भरले. "बाबाले मी नेतो," एवढंच त्या आदेशला म्हणाल्या. मोहिनी पाया पडायला वाकली, तर रूपराव थोडे बाजूला सरकले, आपणच तिची वाट अडवली असावी तसे.

मोहिनीनं दार उघडं ठेवायला सुरुवात केली. बेल पुन्हा बसवली, मोबाइल टेबलावर आला. पण आता कोणी येत नव्हतं. सुलोचनाबाईंनी गच्चीवरून बोलणंही सोडलं होतं. हेडफोनमध्ये डॉक्टर बोलायचा आणि मोहिनीला मागे कोणीतरी खोकल्यासारखं वाटायचं. ती उठून सांदवाडीत जाई, रिकाम्या खोलीच्या दारात उभी राही. परत येईपर्यंत ठिपका लाल झालेला असे. विवेकचा गोड आवाज एक दिवस कोरडा झाला. "मॅडम, घरात आता कोणी नाही म्हणता, मग लक्ष का लागत नाही?"

त्याच दुपारी काम अर्धवट टाकून तिनं आर्वीला फोन लावला. गंगाताईंनी फोन वडिलांना दिला.

"मामाजी, मी बोलते. कसे आहात? या ना घरी."

मग रूपराव दबक्या आवाजात म्हणाले, "सुट्टी झाली काय तुह्यी?"

"हो, झाली. बोला ना मामाजी. मोठ्यानं बोला."

ते बहुतेक भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

"नाई झाली बाई," ते म्हणाले. "तुह्यी वेळ मले माहीत हाय. कर तू काम."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.