शेठच्या विहिरीतली पोटुशी

चहा होऊ द्या, मग सांगते. ही फजिती कोरड्या घशाने सांगण्यासारखी नाही, आणि मी आधीच दमलेली आहे.

कशाने दमले म्हणता? स्वतःची नोकरी लोकांना समजावून सांगण्याने! मी भडगावची. सागरी जीवशास्त्र शिकवते, तिकडे कोकणात, एका कॉलेजात. गिरणा नदीकाठच्या बाईने समुद्राचा अभ्यास करावा, हे आमच्या गावाला वीस वर्षांत पटलेलं नाही. सुट्टीत घरी आले की कोणी विचारतं, बोंबील स्वस्तात मिळतात का? कोणी काचेच्या टाकीतला आजारी मासा पिशवीत घालून दाखवायला आणतं. आणि आमचे आबा, माझे सख्खे वडील, ओट्यावर बसून सांगतात, "पोरगी समुद्रवर नोकरीले शे. काय करस, ते माले इचारू नका."

तर दोन वर्षांपूर्वी मी ठरवूनच आले होते, चार दिवस नुसतं झोपायचं. दुसऱ्याच दिवशी खुशी येऊन उशाशी बसली.

खुशी म्हणजे समोरच्या भुसार दुकानवाल्या शेठची मुलगी. जैन घर. पोरीने धुळ्याला, देवपुरात राहून प्राणिशास्त्राची पदवी घेतली होती. पुढे तिला आमच्याच कॉलेजात शिकायचं होतं, निवडही झाली होती. सोमवारी प्रवेशाची शेवटची तारीख, तो दिवस शनिवार, आणि शेठ "नाही" म्हणून बसलेले.

"आत्या, पप्पा म्हणतात, मासे मारायला नाही पाठवणार. नाही गेले तर दिवाळीच्या आत लग्न लावून देतील माझं." बोलता बोलता पोरगी रडायलाच लागली. मग कसली झोप? उठले.

शेठनी आदराने बसवलं. पण चेहरा बंद दुकानासारखा.

"ताई, तुमचा मान आहे. पण आमच्या सात पिढ्यांत कोणी मुंगी मारली नाही."

"शेठ, नुसते मासे कापत नाही हो आम्ही..."

"नुसते नाही, म्हणजे कापता."

मी नजर वळवली, तर अंगणात शेठच्या आई दिसल्या. त्यांना सगळे माजी म्हणतात. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळत होत्या. गाळून झालं की फडक्यावर जे बारीक जीव राहतात, ते थोड्या पाण्याने खंगाळून पुन्हा विहिरीत सोडायचे. तेही वरून ओतायचे नाहीत, बादली अलगद खाली उतरवून. जीवाला धक्का लागता कामा नये! त्या घरात वर्षानुवर्षं हे असंच चालतं.

मी ओरडलेच, "अहो शेठ, आम्ही हेच करतो! समुद्राचं पाणी बारीक जाळीतून गाळायचं आणि वर राहिलेले जीव बघायचे. वीस वर्षं माझं काम हेच!"

शेठ सरसावून बसले. "खरं? गाळता?"

"रोज!"

"आणि बघून झालं की परत सोडता?"

खुशीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "हो हो," म्हटलं. पहिली चूक इथे झाली, लक्षात ठेवा.

शेठ तर फुलूनच गेले. "माजी! ऐकलंत? आपण जे घरात करतो, त्याचं कॉलेज आहे समुद्रावर!"

मग काय, मला चेव आला. खुशीने देवपूरच्या कॉलेजातून मायक्रोस्कोप मागून आणला होता, तो मांडला. माजींच्या फडक्यावरचं थोडं पाणी खोलगट काचेवर घेतलं. पाण्यात ही वळवळ! मी आधी माजींना बसवलं.

"अगं बाई! हे काय पळतंय? आणि दोन्ही बाजूंना पिशव्या कसल्या?"

"अंडी आहेत माजी. पिल्लं होणार आहेत तिला."

"पोटुशी आहे!" माजींनी तोंडावर पदर धरला. "खुशी, बघ गं, पोटुशी आहे बिचारी. आणि अशी धावतेय!"

ऐंशी वर्षं ज्या जिवांना सांभाळून विहिरीत सोडलं, त्यातला एक त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या. खरं सांगते, मलाही भरून आलं. माजी मान हलवत म्हणाल्या, "जाऊ दे रे पोरीला. चांगलं काम आहे."

बघा, जिंकलं होतं मी! तिथेच उठून घरी यायला हवं होतं की नाही?

पण शेठ म्हणाले, "ताई, मलाही दाखवा." ते बसले आणि पोटुशी पळाली. सापडली, पुन्हा पळाली. शेठचा चष्मा भिंगावर आपटायला लागला. "ताई, ठरतच नाही हो एका जागी!"

"थांबा, आत्ता थांबवते."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे खोड माझी होती आणि मेलं भलतंच कोणी. पाणी दिसलं की नमुना घ्यायची मला सवय, त्यामुळे तो टिकवायच्या फॉर्मलिनची छोटी बाटली कायम पिशवीत. वीस वर्षांच्या सरावाने हात पिशवीत गेला, झाकण उघडलं, दोन थेंब टाकले. डोकं या सगळ्यात कुठेही नव्हतं.

"वा!" शेठ खूश. "आता काय सुंदर दिसतेय! अगदी शांत."

"झोपली वाटतं," माजी म्हणाल्या. "दमली असेल."

खुशीचा चेहरा पांढराफटक. मला तेव्हा कळलं.

माजींनी मायेने विचारलं, "औषध घातलंस का गं? मग उठेल कधी?"

अहो, "उठेल थोड्या वेळाने" म्हणायला काय जात होतं? पण एक खोटं बोलून आधीच जीव दमला होता. म्हटलं, "नाही उठणार माजी."

शेठनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला आणि हात जोडून डोळे मिटले. माजी नवकार मंत्र म्हणायला लागल्या. त्या पोटुशीसाठी! खुशी आत पळाली.

"तुम्ही परत सोडता म्हणालात, ताई," शेठ एवढंच बोलले.

घरी आले तर आबांना सगळं आधीच कळलेलं. "इतलं शिकनी तू, आन् इतलं बी समजनं नही का तुले?" मी पांघरूण डोक्यावर घेतलं. झोप कसली लागते! एका पोरीचं आयुष्य दोन थेंबांत बुडवलं होतं मी.

रविवारी सकाळी शेठ स्वतः ओट्यावर. मी पाया पडायच्याच बेतात होते.

"ताई, खुशी येईल आजच तुमच्याबरोबर."

"काय?"

"माजींचा हुकूम आहे. म्हणाल्या, जिथे अशी माणसं आहेत, तिथे आपलं एक तरी माणूस पाहिजेच."

आता खुशी आमच्याकडे आहे. न मारता, जिवंत जीव मोजायची पद्धत बसवतेय आणि काम उत्तम करतेय, हे मला मान्य करावंच लागतं. फक्त रोज संध्याकाळी मोजणी झाली की बादली माझ्या हातात येते. मी, विभागप्रमुख, गुडघे धरत खाडीवर जाते, बादली अलगद उतरवते आणि जीव परत सोडते. माजींचा फोन येतो, "ताईने सोडले का सगळे?"

परवा भडगावला गेले होते. शेठच्या दुकानात चाळीसगावचे पाहुणे बसलेले. शेठनी मोठ्या कौतुकाने माझी ओळख करून दिली.

"या आमच्या ताई. समुद्रावर असतात. आमची खुशी शिकवतेय त्यांना. हळूहळू सुधारतायत."