आत्याचं वजन

आमच्या गल्लीत वजनकाटे दुरुस्त करणारा एकच माणूस उरलाय आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. सगळे त्यांना काटेवालेच म्हणतात. त्यांची बायको होती तोवर तीही चारचौघांत तेच म्हणायची आणि पदराआड हसायची. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. दुकानात भिंतीशी ओळीनं काटे मांडलेले: पोती तोलणारे, भाजी तोलणारे, आणि कोपऱ्यात काचेच्या पेटीतला औषधवाल्यांचा नाजूक काटा. त्याच्यासमोर शिंकायलाही बंदी. मी एकदा शिंकलो होतो, आठ दिवस आमचं बोलणं बंद होतं.

हा माणूस असा का झाला तेही सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्यांचा मुलगा सातव्या महिन्यातच जन्मला, तळहातावर मावेल एवढा. नर्सबाई म्हणाल्या, रोज वजन करा, वजन वाढतंय तोवर काळजी नको. काटेवाल्यांनी पंचेचाळीस दिवस पारड्यात मऊ फडकं घालून पोराला तोललं. पोर जगलं. आता ते दारातून वाकून आत येतं. पण तेव्हापासून काटेवाल्यांचा ना डोळ्यांवर विश्वास, ना कानांवर, फक्त काट्यावर. भूक लागली का विचारलं तरी आधी घड्याळ बघतील, मग पोट.

त्यांची नात आठ वर्षांची. आईवडील दोघं नोकरीला, त्यामुळे शाळा सुटली की ती आणि आजोबा. तिला कोणीतरी हवं होतं, आपल्याशी बोलणारं. आधी मासे आणून झाले. पहिला गेला, दुसरा गेला, आणि दुसऱ्याच्या वेळी पोर तीन दिवस नीट जेवली नाही. दुसरं काही नाही, एवढंच म्हणत राहिली, की तो गेला हे मला संध्याकाळपर्यंत कळलंच नाही, तो जिवंत होता तेव्हाही माझ्याकडे बघत नव्हता. सूनबाई टपाल कचेरीत कामाला, बोलणं मोजकं. तिनं सासऱ्यांना सांगून टाकलं, "आता शेवटचं. हेही गेलं, तर पुन्हा या घरात जनावर यायचं नाही. मला पोरीला असं बघवत नाही."

झालं. काटेवाल्यांच्या जिवाला घोर लागला. लवकर मरणार नाही आणि हाक मारली तर ओ देईल असं जनावर त्यांना शोधायचं होतं. मी आपलं सुचवलं, कासव घ्या. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी कासव ठेवलं होतं. सबंध वर्षात ते तीनदा हललं, आणि चौथ्यांदा हललं ते थेट शाळेबाहेर. काटेवाले हसले नाहीत. म्हणाले, ओ देत होतं का? मी म्हटलं, गुरुजींनाच कोणी ओ देत नव्हतं, कासव कुठून देणार.

पंधरा दिवस हा माणूस दिसेल त्याला विचारत सुटला होता. उंदरासारखं गुबगुबीत हॅमस्टर गोड दिसतं, पण दोन वर्षांत संपतं आणि दिवसभर झोपतं. सशाला उचलताना चुकलं तर त्याचा कणाच मोडतो. पक्ष्याला पिंजऱ्यात कोंडायचं हे नातीलाच पटेना. शेवटी गिनीपिगवर गाडी येऊन थांबली. पाच-सात वर्षं जगतं, चावत नाही, दिवसा जागं असतं, आणि मुख्य म्हणजे माणूस ओळखतं. फ्रीजचं दार उघडलं की काकडीच्या आशेनं शिट्टी घालतं.

दुकानात जाताना मी बरोबर होतो. काटेवाल्यांनी पिशवीतून काटा काढला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदार म्हणाला, "काका, हे काय बटाटे आहेत?" पण यांनी दुकानातल्या सातही जणींना एकेक करून तोललं. सहा जणी सहाशेच्या आसपास. सातवी, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची, सातशे ऐंशी ग्रॅम. जी भरते ती टिकते, असा यांचा हिशेब. मुलाच्या वेळी शिकलेला. त्यांनी दुकानदाराला दोनदा विचारलं, हिची वाढ पूर्ण झालीय ना? तो म्हणाला, झालीय, आता हिचं वजन आहे तेवढंच राहील. हे वाक्य यांनी मनात कोरून ठेवलं. सातही जणी आणि दोन नर कालपर्यंत एकाच पिंजऱ्यात होते, हे ना त्यानं सांगितलं, ना आम्ही विचारलं.

नातीनं तिचं नाव ठेवलं आत्या. का, तर घरात कोणी शिरलं की आधी ओरडते आणि मग खाते. खऱ्या आत्याला हे फोनवर कळलं. मग तिनं विचारलं, दिसायला तरी बरी आहे का?

पहिले चार आठवडे घर उजळून निघालं. पोरगी शाळेतून धावत यायची, दप्तर टाकायच्या आधी आत्याची शिट्टी, मग हिची शिट्टी. दोघींचं काय चाललेलं असायचं देव जाणे. आणि रोज सकाळी दुकान उघडण्याआधी काटेवाले आत्याला पारड्यात बसवून वजन करत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहीत. सातशे ऐंशी. सातशे नव्वद. आठशे पाच. पहिल्या आठवड्यात ते आकड्याकडे बघून हसायचे. तिसऱ्यात हसू मावळलं. नऊशे वीस झाले तेव्हा मला बोलावून म्हणाले, नाना, वाढ पूर्ण झालीय म्हणाला होता ना तो? मग ही रोज कुठून भरते?

आधी त्यांनी काट्यावरच संशय घेतला. प्रमाण वजनं काढली, पुसली, ठेवली, उचलली. काटा चोख. एकाच बाजूला रोज सरकतो तो काटा बिघडलेला असतो, हा त्यांचा धंद्यातला नियम. आणि काटा चोख असेल तर बिघाड जनावरात, हे पुढचं गणित त्यांनी स्वतःच मांडलं. गाठ असेल का? पाणी भरत असेल का? जेवताना घास हातातच राहायचा.

आणि इथे माझी जीभ वळवळली. मी म्हटलं, अहो, आमच्या गावी तेलाच्या घाण्यावर एक बोका होता, तेल चाटून चाटून असा फुगला की एक दिवस चालता चालता बसला तो उठलाच नाही. गोष्ट अर्धी खरी होती. तो बोका म्हातारा होता हे सांगायचं राहून गेलं, कारण त्यानं गोष्टीची मजा जाते.

दुसऱ्या दिवसापासून काटेवाल्यांनी आत्याचं खाणं तोडलं. नात शाळेला जाताना कोबीची पानं, गाजर, मूठभर सुकं गवत घालून जायची. ती कोपऱ्यावर वळली की हे त्यातलं अर्धं काढून दुकानाच्या टेबलाखालच्या टोपलीत लपवायचे. कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, आणि मी मान डोलावली.

वजन वाढतच राहिलं. तेव्हा अर्ध्याचं पाव झालं.

आत्याची शिट्टी आधी बारीक झाली, मग थांबली. फ्रीज उघडला तरी ती कोपऱ्यात अंग फुगवून बसून राहायची. पोरगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "नानाआजोबा, आत्या मला विसरली का हो?" मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, म्हणजे ते खोटंच असणार. एकदा तिनं आजोबांचा हात धरून आत्याच्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, आत कोणीतरी लाथा मारतंय. काटेवाल्यांनी डोळे मिटून पाहिलं. चाळीस वर्षं लोखंडपितळ हाताळलेला हात तो, त्याला काही कळलं नाही. म्हणाले, पोट गुडगुडतंय. वर मला म्हणाले, भूक लागलीय म्हणजे उपाय लागू पडतोय.

त्यानंतरच्या सोमवारी काटा पहिल्यांदा उलटा गेला. चाळीस ग्रॅम कमी. काटेवाले मला चहा पाजायला घेऊन गेले, इतके हलके झाले होते. आम्ही परत आलो तर पोरगी दारात उभी. आज शाळा अर्ध्या दिवसाची होती हे आम्ही दोघंही विसरलो होतो. तिच्या एका हातात आत्या, मान टाकलेली, आणि दुसऱ्या हातात दुकानाच्या टेबलाखालची टोपली. टोपलीत सकाळचा कोबी आणि गाजर, जसंच्या तसं. तिनं फक्त टोपली खाली ठेवली.

जनावरांचा दवाखाना चार गल्ल्या पलीकडे. सूनबाईला फोन करून आम्ही तिघं निघालो. वाटेत मला एकही गोष्ट आठवली नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आत्याला फडक्यावर ठेवलं, पोट चाचपलं, आणि त्यांची बोटं जागच्या जागी थांबली.

म्हणाल्या, गाभण आहे. दिवस भरत आलेत. पिल्लं दोन, कदाचित तीन. वजन वाढणारच होतं. पण या दिवसांत उपास घडला की या जनावराचं रक्त बिघडतं, आई जाते आणि पिल्लंही जातात. तेवढ्यात सूनबाई धापा टाकत आत आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिनं खाणं आपणहून सोडलं, की कोणी तोडलं? मला खरं सांगा, त्यावर औषध ठरेल.

मला वाटलं होतं, काटेवाले म्हणतील की दुकानदारानं सांगितलं होतं. किंवा म्हणतील, या नानानं बोक्याची गोष्ट सांगितली. तेही खरंच होतं. मी मान खाली घालून वाट बघत होतो.

"मी तोडलं," ते म्हणाले. "हिला न सांगता. अकरा दिवस."

पोरीनं आजोबांकडे पाहिलं आणि मग त्यांच्या बाजूची उठून आईच्या बाजूला जाऊन बसली. अंतर दोन हातांचं असेल.

डॉक्टरीणबाईंनी एक सुई टोचली आणि पांढरी पेज दिली. बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं, दर दोन तासांनी, दहा दहा थेंब. वाचेल का, असं आम्ही विचारलं. उद्या या, म्हणाल्या.

काटेवाल्यांनी दुकान बंद ठेवलं. भाजीवाले काटे घेऊन यायचे, फळीवर थाप मारून परत जायचे. सूनबाईनं रजा टाकली. पेज पाजायची ती आणि नात, आळीपाळीनं. आजोबा उंबऱ्यावर बसून असायचे. खोलीत या असं कोणी म्हणत नव्हतं, आणि जा असंही नाही. मी बाजूला बसायचो. पोरगी त्यांच्यासमोरून पाण्याची वाटी घेऊन जायची, यायची, जणू तिथे स्टूल ठेवलेलं आहे. एकदा त्यांनी वाटी धरायला हात पुढे केला. तिनं वाटी दुसऱ्या हातात घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आत्या व्याली. तीन पिल्लं. या जनावराची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच येतात, जणू आईच्या छोट्या नकला. त्यांतली दोन पिल्लं तासाभरात उठून चालू लागली. तिसरं हललं नाही. सूनबाईनं ते रुमालात गुंडाळलं. पोरगी रडेल म्हणून आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो, पण ती आत्याकडे बघत होती. कारण आत्या कुशीवर पडली होती आणि पिल्लं लुचत होती तरी ती मान उचलत नव्हती. पेज तोंडातून बाहेर ओघळत होती. पोरीनं दोनदा प्रयत्न केला, आईनं एकदा. तीनही वेळा फडकंच ओलं झालं.

सूनबाई हळूच सासऱ्यांना म्हणाली, "पोरीची तयारी करायला हवी." ते नुसते उठले, आणि उभेच राहिले.

पोरगी फडक्यावर वाकलेली होती. तिच्या हातातल्या नळीचं टोक जागेवर राहत नव्हतं. मग मागे न बघता तिनं सिरिंज वर धरली.

"तुम्ही करा," ती म्हणाली. "तुमचा हात हलत नाही. पण हळू."

काटेवाले तिच्या शेजारी जमिनीवर बसले. केसाएवढा काटा सरळ करणारी बोटं ती. त्यांनी नळी गालाच्या कडेला टेकवली आणि एक थेंब सोडला. थांबले. दुसरा सोडला. तोही आत राहिला की बाहेर आला हे कोणालाच कळेना. पोरीनं आत्याच्या घशावर बोट ठेवलं होतं.

"गिळला," ती म्हणाली. "अजून."

दहा थेंबांना पाव तास लागला. दहा झाल्यावर ते थांबले, कारण डॉक्टरीणबाईंनी दहाच सांगितले होते. तेव्हा आत्यानं मान इंचभर उचलली आणि नळीचं टोक दातांत धरून ओढलं. आजोबांनी नातीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, द्या म्हणून. त्यांनी अकरावा सोडला.

सूनबाई तिथून उठून स्वयंपाकघरात गेली आणि कोबीचा आख्खा गड्डाच घेऊन आली.