चिठ्ठीशिवाय सुई नाही

"मावशी गेली, काकू. मंगळवारी पहाटे, झोपेतच," इंदूताईंच्या भाचीनं फोनवर सांगितलं आणि मी पटकन बोलून गेले, "बरं झालं गं, हाल नाही झाले." फोन ठेवल्यावर माझा मलाच राग आला. बरं काय झालं डोंबलाचं! तेराव्यानंतर भाची घरी आली आणि म्हणाली, "मावशीवर काहीतरी लिहा ना पुरवणीत. तुम्हीच लिहायला हवं. डोंबिवलीतली तिची नोकरी तुम्ही मिळवून दिलीत, येईल त्याला सांगायची ती." मी मान हलवली. खोटं काहीच नव्हतं त्यात. नोकरी मीच मिळवून दिली होती. ती घालवलीही मीच, हे मात्र भाचीला ठाऊक नाही. ते लिहायचं नसेल तर या लेखात मी फक्त इंदूताईंच्या आवाजाचं आणि पांढऱ्या लुगड्याचं कौतुक करत बसेन, आणि तसलं कौतुक त्यांना कधीच आवडलं नाही.

मी लग्न होऊन डोंबिवलीत आले ती पंचावन्न सालच्या आसपास. रेशनचे दिवस नुकतेच सरले होते. गाव केवढंसं... स्टेशनपासून थोडं चाललं की भातखाचरं लागायची. डॉक्टर नव्हते असं नाही, होते. पण त्यांना घरी बोलवायचं म्हणजे आधी घरात चार माणसांनी विचार करायचा, मग शेजारी विचारायचं, तोवर दुखणं एक तर बरं व्हायचं नाहीतर हाताबाहेर जायचं. आमच्या महिला मंडळाची मी चिटणीस होते. मॅट्रिक झालेली एकटीच, म्हणून चिटणीस. बाकी अक्कल बेताचीच. हळदीकुंकू आणि भरतकामाचे वर्ग करून कंटाळा आला होता. एका बाळंतिणीचा धनुर्वातानं जीव गेला, तेव्हा मी सभेत उभी राहिले आणि म्हणाले, आपण एक नर्स ठेवू या.

पुरुषमंडळींनी सल्ला दिला, महिना वर्गणी काढा. वर्गणी काढा म्हणे! आमच्यातल्या किती जणींच्या हातात स्वतःचे चार आणे होते? पण तांदूळ आमच्या हातात होते. भाताला किती घ्यायचे ते कोणत्याही घरात पुरुष विचारत नसे. म्हणून आम्ही मूठ ठरवली. रोज सकाळी तांदूळ धुवायच्या आधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. शनिवारी दारोदार फिरून ते डबे पिशवीत रिकामे करायचे. थोडे तांदूळ आजाऱ्यांच्या पेजेला, उरलेले वाण्याकडे. त्यातून नर्सचा पगार, कापूस, आयोडीन. कल्याणचे एक सज्जन डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी फुकट यायला तयार झाले. घराघरांतून मूठ मागत मी फिरले. "अगं, एका मुठीनं काय होतंय?" असं जिथं म्हणत, तिथं मी ठिय्याच द्यायची. तीसेक घरं झाली आणि देवळामागच्या खोलीत आमचं केंद्र सुरू झालं.

इंदूताई तिथं आल्या ठाण्याहून. तिशीच्या असतील. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. मुंबईच्या एका इस्पितळात त्यांनी धाकटा कोर्स केला होता, दीड वर्षाचा. पूर्ण नर्सचा तीन वर्षांचा असतो, हे त्या पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगून मोकळ्या झाल्या. आम्हाला त्याचं काय! आमच्या लेखी पांढरं लुगडं नेसलेली बाई म्हणजे डॉक्टरीणच. कुणी तशी हाक मारली की त्या वळून म्हणायच्या, "डॉक्टरीण नाही हो, मदतनीस." त्यांनी खोलीच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता. डावीकडे "हे मी करीन": जखमा धुणं, पट्टी बदलणं, ताप बघणं, एनिमा, आजाऱ्याला आंघोळ घालणं, बाळंतिणीची शुश्रूषा, डॉक्टरांनी लिहिलेलं औषध वेळेवर देणं. उजवीकडे "हे मी करणार नाही", आणि खाली एकच ओळ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सुई नाही.

त्या ओळीनं त्यांना छळलं. लोकांना सुईचं वेड लागलेलं होतं तेव्हा. गोळी म्हणजे अर्धं औषध, पाण्याचं औषध म्हणजे फसवणूक, आणि सुई टोचली की पैसे वसूल, मग ते पैसे दिलेले असोत वा नसोत. खाडीकडच्या गावातून मिठागरात मीठ भरणाऱ्या बायका यायच्या. एक जण बाकावर मांडी ठोकून बसायची आणि म्हणायची, "बाय, मना सुय दे, नायतर मी उठाची नाय." इंदूताई तिचे मिठानं चिरलेले पाय तासभर कोमट पाण्यात धूत बसत. शेवटी ती बाई कुरकुरत उठायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायची. ते पाय भरून आले. पण त्याचं नाव कुणी काढलं नाही, "ही नर्स सुई देत नाही" एवढंच गावभर झालं. मी सगळ्यांशी भांडायची त्यांच्या बाजूनं. माझ्या स्वतःच्या दारात गोष्ट येईपर्यंत भांडत होते.

माझा मुकुंद तेव्हा दोन वर्षांचा. सोमवारी ताप आला. मंगळवारी डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले, पाणी पाजा, अंग पुसा, शुक्रवारी बघू. गुरुवारी दुपारी ताप एकशेचारच्या वर गेला. पोर डोळे उघडेना. आमचे हे कल्याणच्या औषधवाल्याच्या ओळखीचे, त्यांनी सकाळीच पेनिसिलिनची बाटली आणून ठेवली होती. मी इंदूताईंना घेऊन आले आणि बाटली पुढ्यात ठेवली.

"चिठ्ठी?" त्यांनी विचारलं.

"चिठ्ठी कसली? औषध आहे ना समोर!"

"औषध आहे, वहिनी. पण ते द्यायचं की नाही, हे मी ठरवायचं नाही. यांना लगेच कल्याणला पाठवा, डॉक्टरांना घेऊन येऊ देत."

हे गेले. इंदूताईंनी खिडकीला चादर लावली, म्हणाल्या, डोळे लाल आहेत त्याचे, उजेड नको. पाण्यात घड्या भिजवून पिळून कपाळावर, काखेत, पायांवर ठेवत राहिल्या. दर अर्ध्या तासानं ताप बघून कागदावर लिहीत होत्या. मी विचारलं, "काय झालंय त्याला?" म्हणाल्या, "मला काय वाटतं ते नाही सांगायचं मी. जे दिसतं ते लिहून ठेवते, डॉक्टरांच्या उपयोगी पडेल." माझा तोल गेला. पोर समोर तापानं फणफणतंय आणि ही बाई लिहीत बसली आहे! मी म्हणाले, "आमच्या मुठीवर तुमची चूल पेटते, आणि आमच्याच पोराला सुई द्यायला तुम्हाला हुकूम लागतो?"

त्यांचा हात एकदा थांबला, मग घडी बदलली. म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही जरा बाहेर वाऱ्यावर जाऊन या. मी आहे इथं."

मी गेले. दिवेलागणीची वेळ होती. आणि वाऱ्यावर कसली जातेय, आमच्या आळीतली दहा घरं फिरले. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, उद्यापासून मूठ टाकू नका, ही बाई आपल्या कामाची नाही. इकडे माझ्या घरात माझ्या मुलाच्या उशाशी त्याच बसल्या होत्या. माझ्यावर विश्वास सगळ्यांचा. मूठ मागायला मीच आले होते, बंद करायलाही मीच आले, कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

डॉक्टर बाहेरगावी होते, ते शुक्रवारी सकाळी आले. तोवर मुकुंदच्या कानामागून पुरळ उठायला लागलं होतं. गोवर! डॉक्टरांनी इंदूताईंचा कागद वाचला, बाटली पाहिली आणि मला म्हणाले, "हे कुणी टोचलं नाही ना? गोवराला याचा काडीचा उपयोग नाही, आणि एखाद्या पोराला सोसत नाही हे, दगावतं." दोन दिवसांनी ताप उतरला. इंदूताई आठवडाभर रोज येत होत्या, त्याचे डोळे पुसायला. मी त्यांना चहा करून द्यायची.

आता तुम्ही म्हणाल, मग पुन्हा ती दहा घरं फिरायची होती. हो, फिरायचीच होती. पण काय सांगणार होते? की माझंच चुकलं? चिटणीसबाईंचं चुकलं? आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता शनिवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. आमच्या आळीचे डबे रिकामे राहिले. ते पाहून पलीकडची आळी म्हणाली, त्यांनी बंद केली मग आपणच का? महिन्याच्या शेवटी पगाराइतकं जमलं नाही. मंडळाच्या सभेत सगळ्या हळहळल्या, बायकांचा उत्साह टिकत नाही म्हणाल्या. मीही मान डोलावली... इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे, "निधीअभावी केंद्र बंद करण्यात येत आहे."

जायच्या आदल्या दिवशी इंदूताई घरी आल्या. थर्मामीटर झटकायचा कसा, वाचायचा कसा, हे त्यांनी मला तासभर शिकवलं. "आता मी नसेन, तुम्हाला यायला हवं," म्हणाल्या. पुढं त्या ठाण्याच्या एका इस्पितळात लागल्या, आया म्हणून. नर्सची जागा रिकामी नव्हती. धाकटा कोर्स केलेल्या बाईनं वीसेक वर्षं तिथं फरशा पुसल्या आणि भांडी उचलली. नंतर कळव्याला भाचीजवळ राहायला आल्या. मी जायची अधूनमधून. लाडू न्यायची, मुकुंदचे फोटो न्यायची. इंजिनीअर झाला तेव्हा त्याला घेऊन गेले, तर त्यांनी आधी त्याच्या डोळ्यांत वाकून पाहिलं. आम्ही खूप हसलो. आमची मैत्री खरी होती, यात मला शंका नाही. फक्त तिच्या तळाशी मी एक गोष्ट दाबून ठेवली होती.

गेल्या दिवाळीत ती गोष्ट मी बोलून टाकली. भाची बाजारात गेली होती. मी म्हटलं, "इंदूताई, ती मूठ आपोआप नव्हती बंद पडली. मी बंद पाडली."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्याच शनिवारी कळलं होतं. तांदूळ घ्यायला गेले तर तुमच्या शेजारणीनं दारातच सांगितलं."

"मग तुम्ही मला काहीच कसं विचारलं नाहीत? आठवडाभर माझ्या घरी येत होतात!"

त्या पदराच्या काठावर बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ द्या हो, झालं गेलं. तसं ऐकायला मी किती आतुर होते, ते आता लिहायला लाज वाटते. पण इंदूताईंनी आयुष्यात कधी खोटं औषध दिलं नाही.

"तुम्ही याल असं वाटायचं मला," त्या म्हणाल्या. "महिनाभर रोज वाट पाहिली. काम संपलं की दार उघडं ठेवून बसायची. तुम्ही नुसत्या आला असतात ना वहिनी, तर मी राहिले असते. अर्ध्या पगारावर राहिले असते."

त्या उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. मी रडले ते त्यांनी पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

देवळामागची ती खोली अजून आहे. आता तिथं झेरॉक्सचं दुकान आहे. परवा भाची गेल्यावर मी चप्पल घातली आणि आमच्या जुन्या घरापासून त्या खोलीपर्यंत चालत गेले. मधली दारं मोजली. सहा आहेत. गुडघे धरलेले, हातात काठी, तरी दोन मिनिटं लागली नाहीत.