पूर्णाधिकारी मामाजी

"घरी विचारून सांगतो" हे वाक्य माझ्या मामाजींच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नाही. तिरोड्याकडच्या चार-पाच गावांत सोयरीक ठरवायला लोक त्यांनाच धाडत. मुलीचा बाप आपल्या हातची सुपारी त्यांच्या दुपट्ट्यात बांधून देई. एकदा ती बांधली की पलीकडे मामाजी बोलतील तो बापाचाच शब्द. मग बापालाही मागे फिरता येत नसे.

मी आमच्या घरातला पहिला बी.ए. याचा मला अभिमान होता, आजही आहे. स्वराज्य नवं होतं, देशोदेशी राजदूत नेमले जात होते. वर्तमानपत्रात 'पूर्णाधिकारी' हा शब्द वाचला आणि तो समजावायला मला मामाजी सापडले. धानाच्या बांधावर बसवून त्यांना सांगितलं, साधा दूत निरोप नेतो नि उत्तर आणतो. पूर्णाधिकारी तिथल्या तिथे करारावर सही करतो आणि त्याच्या सरकारला ती पाळावी लागते. इंग्रजीत त्याला प्लेनिपोटेन्शियरी म्हणतात, हेही सांगितलं. दोनदा.

मामाजी म्हणाले, "त्यात त्याची कायची मोठाई, बापू? मोठा तो, जो त्याले धाडते अन् मंग मुकाट्यानं मानते."

त्यांना विषय कळला नाही, असं मी ठरवून टाकलं.

त्याच हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीची, शांतेची, सोयरीक निघाली. तिच्या मास्तरणीच्या ट्रेनिंगचं एक वर्ष बाकी होतं. बाबांना मात्र लग्न येत्या वैशाखातच उरकायचं होतं. मामाजी तापानं पडले, म्हणून सुपारी माझ्या पँटच्या खिशात आली. निघताना शांता एवढंच म्हणाली, "दादा, माझं वर्ष वाचव."

मुलाच्या वडिलांनी चहा दिला आणि लग्न कधी, असं सरळ विचारलं. येता वैशाख म्हणावं तर शांता बुडते, त्याच्या पुढचा म्हणावं तर बाबा खवळतात. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "घरी विचारून सांगतो."

ओसरीच्या कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "मंग सुपारी कायले आणली, बाबूसाहेब? पोस्टकार्ड धाडाचं होतं."

आमच्याकडे हा नकारच समजतात. दुसऱ्या सकाळी मामाजी अंगात ताप घेऊन, घोंगडी पांघरून बैलगाडीत बसले. सांजेला परतले आणि बाबांना म्हणाले की सोयरीक पक्की, लग्न पुढच्या वैशाखात, पोरीचं ट्रेनिंग झाल्यावर.

"मी असं कवा सांगलो होतो?" बाबा म्हणाले.

"सुपारी तं तुमचीच होती ना, भाऊजी?"

बाबा उठले आणि बैलांना तणस टाकायला गेले. त्या वर्षाबद्दल पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत.

शांता मास्तरीण झाली, जवळच्याच गावात तिला शाळा मिळाली. मामाजी गेले त्या साली गावात एका मुलीची सोयरीक अडली. आता शिकलेला माणूस मीच, म्हणून धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसलो. मुलीकडची मंडळी सुपारी घेऊन आली, मला रामराम केला आणि पुढे निघून गेली. शाळा सुटेपर्यंत ती मंडळी शांतेच्या शाळेपुढच्या निंबाखाली तिची वाट पाहत बसली होती.