तळ्याकाठची खिचडी

जिन्यात मुगाच्या खिचडीचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. दहा-बारा वर्षांपूर्वी जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला मी नवा होतो. प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतलं प्रोबेशन, चालू होती; केव्हाही नारळ मिळू शकला असता. आमचे मराठी टीमलीड, ज्यांना मी तिथेही सरच म्हणायचो, मला उत्तरेकडच्या एका तळ्यावर घेऊन गेले. जंगलात तंबू ठोकायला बंदी, म्हणून आम्ही उंच गवताआड, पाइनच्या ओल्या सुयांवर गुपचूप तंबू लावला. संध्याकाळी सरांनी सॅकमधून चक्क कुकर काढला आणि छोट्या स्टोव्हवर मुगाची खिचडी चढवली. "सर, शिट्टी ऐकू जाईल." "अरे, इथे कोण आहे ऐकायला?" पहिली शिट्टी पाण्यावरून थेट पलीकडच्या काठाला गेली. तिसरीनंतर थोड्याच वेळात वनरक्षक कुत्र्यासकट समोर उभा. तंबू कोणाचा, त्याने विचारलं. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि अस्खलित जर्मनमध्ये म्हणाले, "याचा. मी नकोच म्हणत होतो." माझं नाव-पत्ता लिहून घेऊन तो गेला. सरांनी शांतपणे कुकर उघडला. "घे, गरम आहे तोवर." त्या माणसाला मी इतकी वर्षं शिव्या घालत आलोय. त्या संध्याकाळी मात्र मी "थँक्यू सर" म्हणालो आणि दोनदा वाढून घेतली.