पुलाला हात लावायचा नाही

आमचे मामा सरकारी ठेकेदारांचे वकील. रस्ता खचला, टाकी गळली, भिंत कलली की ठेकेदार आणि सरकारी खातं एकमेकांकडे बोट दाखवणार आणि मामा काळा कोट चढवून ठेकेदाराच्या बाजूने उभे राहणार, यातच त्यांचा जन्म गेला. चूक बांधणाऱ्याची नव्हे, खात्याने दिलेल्या नकाशाची, हे ते इतक्या गोडीने पटवायचे की घरात दूध उतू गेलं तरी मामी म्हणायची, "नकाशा चुकला असेल."

मामी नदीपलीकडच्या दवाखान्यात नर्स. मामांची सगळ्यात गाजलेली केस त्याच नदीवरच्या पादचारी पुलाची. पुलाला तडे गेले होते. खातं डागडुजीला निघालं, तेव्हा मामांनी धावपळ करून कोर्टाचा 'जैसे थे' हुकूम आणला. निकालापर्यंत पुलाला कोणी हात लावायचा नाही, कारण तडे बुजवले तर पुरावाच गेला. काय ते वकिली डोकं! अशिलाने त्यांना खांद्यावर घेऊन नाचायचंच बाकी ठेवलं होतं.

मग एका सकाळी चहा पिताना मामा स्वतःच नेमलेल्या तज्ज्ञाचं म्हणणं मोठ्या खुशीत सांगत होते. "खांबच मुळात बारीक काढलेत नकाशात. भार पेलणंच शक्य नाही. आता खातं कसं सुटतं बघतो!"

मामीने डबा भरता भरता विचारलं, "म्हणजे पूल पडेल?"

"पडेल म्हणजे... तसा आपला मुद्दा आहे."

"अहो, मी रोज त्याच पुलावरून जाते!"

मामांच्या हातातला कप हातातच राहिला. भल्याभल्यांची बोलती बंद करणारा माणूस असा गोंधळलेला पाहून मला हसूही येईना. त्यांनी ठेकेदाराला गाठून हुकूम मागे घेऊ म्हटलं, तो म्हणाला, "साहेब, किनाऱ्याला आलेली नाव तुम्हीच बुडवताय?" खात्यात गेले, तिथे उत्तर मिळालं, "हुकूम तुमचाच आहे."

शेवटी मामा हुकूम उठवा म्हणून कोर्टात उभे राहिले. मी मागच्या बाकावर होतो. ठेकेदार मागून त्यांचा कोट ओढत होता. आणि खात्याचा वकील? मामा मागताहेत म्हणजे यात काहीतरी डाव असणार, म्हणून तो ताडकन विरोधाला उठला. पूल दुरुस्त करायला खातंच तडफडत होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. माझं तर डोकंच चक्रावलं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "हे तुम्ही नक्की कोणाच्या वतीने मागताय?"

मामांनी या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. "साहेब, माझी बायको त्या पुलावरून जाते."

"त्या या प्रकरणात पक्षकार नाहीत."

हुकूम कायम राहिला. पुढची तारीख पडली.

त्या संध्याकाळी मामा दवाखान्याच्या दारात उभे होते, मी सोबत. मामी बाहेर आली तशी त्यांनी तिची पिशवी घेतली आणि लांबच्या, मोठ्या रस्त्याच्या पुलाकडे चालू लागले. मामीचे पाय दिवसभर उभं राहून भरून आले होते.

"रोज येणार आहात?"

"तारखेपर्यंत तरी."

मामी थांबली. दवाखान्यातून सुटलेली माणसं, कोणी लहान मूल कडेवर घेऊन, त्या तडे गेलेल्या पुलाकडे वळत होती.

"आणि यांचं काय?" तिने विचारलं.

मामांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.