‘बस’ म्हटलं की
जिनिंग सुरू झालं की हवेत कापसाचे तंतू तरंगू लागतात, सरकीचा तेलकट वास येतो आणि मला सिंदीतलं आमचं अंगण आठवतं. आमचं कुत्रं येईल त्याच्या अंगावर उडी मारायचं. शेजारच्या काकू पडता पडता वाचल्या आणि बाबांनी ठरवलं, याला जाम गावच्या चौकात सोडून यायचं. हायवेवर! मी भडकले. आधी काठीनं मारायचं, मग ऐकत नाही म्हणून टाकून द्यायचं, हा कुठला न्याय? मार खाऊन कुत्रं फक्त घाबरायला शिकतं. मी पोळीचा तुकडा दाखवत त्याला एकच शब्द शिकवत होते, ‘बस’. पण बाबा ‘खाली!’ ओरडत, दादा ‘सिट!’ म्हणे, आणि ते बिचारं तिघांकडे आळीपाळीनं बघत राही. रविवारी दुपारी बाबांनी स्कूटर काढली. उन्हात कापूस सावकाश उतरत होता, सगळं गाव झोपेत असल्यासारखं. बाबा दोरी ओढत होते, मी सोडत नव्हते, कुत्रं दोघांवर उड्या मारत होतं. “आयकत नाई त काऊन ठेवाचं त्याले?” बाबा ओरडले. तेवढ्यात आई दारातून बाबांवर कडाडली, “अवो, बस! बस झालं आता तुमचं!” आणि कुत्रं बसलं. शेपटी धुळीत, मिशांवर कापूस. बाबांच्या हातातली दोरी सैल झाली. “याले तं समजते!” “तुमच्यापेक्षा लवकर समजते,” आई म्हणाली. आता मी सभेत बोलत असताना कुणी ‘बस करा’ ओरडलं तर मी थांबत नाही. फक्त नजर पायाशी जाते, तिथं कुणी बसलंय का बघायला.